माझ्यासाठी आलेल्यांना मी चहा दिला

सकाळी दूध उतू गेलं म्हणून काकूंनी तापलेलं उलथनं माझ्या दंडाला लावलं. ओरडायचं नाही, असा नियम होता. ओरडलं तर दुसऱ्या दंडालाही. मी ओढणीचा बोळा दातांत धरला. मग ओटा पुसला.

अकराच्या सुमारास फोन आला. काकू फोनवर गोड बोलल्या, ठेवला, आणि स्वतःच्या मुलीचा जुना लांब बाह्यांचा ड्रेस माझ्या अंगावर फेकला. "घाल हा. पाहुणे येतायत. तोंड हसरं ठेव."

मी तेव्हा बारा वर्षांची. काकू माझ्या कोणी लागत नव्हत्या. गावात त्यांच्या घरच्यांची आंब्याची कलमं, माझा बाप त्या कलमांचा राखणदार. पोरीला मुंबईत शिकवतो म्हणाले काका-काकू, आणि घेऊन आले. मुलुंडला, नाहूर स्टेशनच्या बाजूला, अकराव्या मजल्यावर. शाळा मी फक्त खिडकीतून बघितली. सोसायटीत सगळ्यांना सांगितलेलं, गावची भाची आहे. भाची ड्राय बाल्कनीत वॉशिंग मशीनच्या बाजूला झोपायची. भाचीचा कप वेगळा, मशीनच्या मागे उपडा घातलेला. सोफ्यावर भाची कधी टेकली नाही.

पाहुणे तिघे आले. दोन बायका, एक पुरुष. बायकांनी चपला दारात काढल्या. पुरुषाने बूट काढले नाहीत. जाडे तपकिरी बूट. लादीवर ठसे उमटले, आणि ते आता मलाच पुसायला लागणार म्हणून ते बूट माझ्या डोक्यात राहिले. मी आलं किसून चहा टाकला. चार कप. ट्रे धरताना दंड ठणकत होता.

दोघींमधल्या चष्मेवाल्या बाईने मला विचारलं, "इथे बरं वाटतं ना तुला?" काकू तिच्याच शेजारी बसलेल्या. मी ट्रे घेऊन उभी. "हो," मी म्हटलं. पाहुण्याला दुसरं काय सांगणार? बाई कागदावर काहीतरी लिहीत होती. मला वाटलं, असेल सोसायटीचं काही. पुरुष म्हणाला, चहा झकास झालाय. मी लाजले. आजही ते आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटते.

त्यानंतर चार-पाच दिवसांनी कचरा घेऊन मी सर्व्हिस लिफ्टमध्ये शिरले. दहाव्या मजल्यावर एक बाई आत आल्या. निवृत्त शिक्षिका, आमच्या बरोबर खाली राहायच्या. मालक लोक त्या लिफ्टने जात नाहीत, म्हणून मी अंग चोरून उभी राहिले. त्या हळू आवाजात म्हणाल्या, "अगं पोरी, तू त्यांना काहीच का नाही सांगितलंस?"

"कोणाला?"

"पोलिसांना गं. त्या दिवशी आले होते ना. तुझ्यासाठीच आले होते."

बाल्कनीतून माझं रडणं त्यांना ऐकू यायचं. मुलांच्या मदतीच्या नंबरवर त्यांनीच फोन केला होता. चष्मेवाली ती मुलांचं काम बघणारी सरकारी बाई, दुसरी पोलीस अधिकारी, बूटवाला हवालदार. वर्दी घालायची नाही असा कायदाच आहे, मूल घाबरू नये म्हणून. मूल घाबरलं नाही. मुलाने चहा केला. आणि कागदावर लिहिलं गेलं की मुलगी नातेवाईक आहे, नीट ठेवलेली आहे, खूश आहे.

लिफ्ट खाली पोचली तरी मी तशीच उभी. एकदाच कोणीतरी माझ्यासाठी दारात आलं होतं, आणि मी मूर्ख कार्टी आलं किसत बसले. पण मला कोणी सांगितलं का, आम्ही कोण आहोत ते? मला बस म्हणालं का कोणी? काकूंना मात्र फोन करून आले. घर चांगलं, लोक शिकलेले, मग आधी कळवायला नको?

त्याच आठवड्यात काकू फोनवर माझ्या आईशी बोलताना मी ऐकलं. धाकटीलाही पाठव, दोघी बहिणी एकत्र राहतील, दिवाळीला येऊ तेव्हा घेऊन येतो. धाकटी नऊ वर्षांची होती. तिला दूध तापवताना लक्ष ठेवता यायचं नाही. मला तिचे दंड दिसायला लागले. बारीक, काडीसारखे.

खालच्या बाई म्हणाल्या होत्या, परत फोन करते. झालं, तेव्हापासून मी बेल वाजली की धावायचे. दार उघडलं की चेहरा बघायचे नाही, पाय बघायचे. कुरिअरवाल्याच्या सँडल. इस्त्रीवाल्याची रबरी चप्पल. काकांचे काळे बूट. तपकिरी काही येत नव्हते. दिवाळी जवळ आली. काकूंनी गावाला न्यायच्या बॅगा काढल्या. मला वाटायला लागलं, आता कोणी येत नाही. कशाला येतील? कागदावर मी खूश होते.

ते आले तेव्हा मी लादी पुसत होते. बेल वाजली, दार उघडलं, आणि समोर ते बूट. तिघे आत आले, जुन्याच जागी बसले. आतून काकूंचा आवाज आला, "चहा टाक गं."

मी फडकं बादलीत टाकलं आणि खुर्चीवर बसले. ओल्या हातांनी, तशीच.

"चहा नाही टाकणार. तुम्ही पोलीस आहात ना? मग आधी माझं लिहा. काकूंसमोर नाही."

काकू बाहेर येऊन हसल्या. म्हणाल्या, फार लाडावलीय. हवालदाराने मान खाली घातली. मी बाही वर केली. एक ताजा डाग, एक खपली धरलेला, तीन जुने. चष्मेवालीचं पेन हातातच राहिलं. पोलीस बाई काकूंना म्हणाल्या, तुम्ही बेडरूममध्ये बसा. मी म्हटलं, तिथे सगळं ऐकू येतं, घराच्या बाहेर पाठवा. पाठवलं. मग मी त्यांना माझ्या जागेत नेलं. पोलीस बाई बादली उपडी घालून वॉशिंग मशीनजवळ बसल्या आणि मी बोलले ते लिहून घेतलं.

आता सगळं बरं झालं, असं कोणाला वाटत असेल तर तसं काही नाही. तेच मला पोलीस स्टेशनात परत सांगावं लागलं, हॉस्पिटलात परत, बालकल्याण समितीसमोर परत. काकू घरी राहिल्या, मी बालगृहात. आई भेटायला आली ती रडतच. "गप ऱ्हव गो बाय. बापाशीचा काम गेला. आता खावचा काय?" मी गप्प राहिले नाही. आई वर्षभर माझ्याशी बोलली नाही. धाकटी मुंबईला आली नाही, एवढंच मिळवलं.

आज मी चष्मेवालीचंच काम करते. पोलिसांबरोबर मुलांच्या घरी जाते. फोन करून जायचं नाही, यावरून दर वेळी भांडते. साहेब लोक वैतागतात, मॅडम फार कडक आहेत म्हणतात. म्हणोत.

परवा घाटकोपरला एका टॉवरमध्ये गेलो. मालकीणबाई म्हणाल्या, आमच्या नात्यातलीच आहे. उन्हाळ्यात लांब बाह्या घातलेली एक पोर ट्रे घेऊन आली. मी तिच्या हातातून ट्रे काढून घेतला, तिला खुर्चीवर बसवलं, आणि आम्ही कोण आहोत ते तिला सांगितलं. तुझ्यासाठी आलोय, म्हटलं. तेवढ्यात बरोबरच्या साहेबांनी एक कप उचलला होता.

"कप खाली ठेवा, साहेब. आपण पाहुणे नाही."

त्यांनी ठेवला. नसता ठेवला, तर मी तो हिसकावून घेतला असता.