खरी नक्कल

हे आजवर कुणापाशी बोललो नाही. बायकोपाशीसुद्धा नाही — आणि तिच्यापाशी न बोलण्याला तर वेगळंच कारण आहे, ते पुढे येईल. मग आताच का सांगतोय? मला विचाराल तर नीट ठाऊक नाही. रडू येतंय म्हणून नव्हे. रडू कधी आलंच नाही. आलं असतं तर बरं झालं असतं, असंही म्हणवत नाही.

मी तेव्हा बहरीनला होतो. सत्तरचं दशक संपत आलेलं. मनामात एका जुन्या विलायती आगबोट कंपनीच्या कचेरीत रेकॉर्ड क्लार्क. मूळचा सांगलीचा, इतिहास घेऊन बी.ए. झालो, कॉलेजात कुणी घेतलं नाही, म्हणून गल्फ. शहरातल्याच हूरा भागात दोन खोल्या, बायको, दोन वर्षांची मुलगी. काम म्हणजे फायली लावणं, काढून देणं आणि नकला करणं. जुन्या कागदावरचा मजकूर जसाच्या तसा टाइप करायचा, खाली 'खरी नक्कल' असा इंग्रजी शिक्का मारायचा आणि त्यावर सही ठोकायची. ती सही माझी. त्या शिक्क्याचा मला फार तोरा होता — साहेबाच्या पत्रावर कुणी खरं का म्हणून विचारायचं, माझ्या नकलेवर कुणी विचारत नसे.

कंपनीची बसऱ्याची शाखा कधीचीच बंद झाली होती. तिचे कागद लाकडी खोक्यांतून आमच्याकडे येऊन मागच्या गोदामात पडले होते. कचेरी नव्या इमारतीत जायची ठरली तसं साहेबाने फर्मावलं — विलायतेत कंपनीचा इतिहास लिहिताहेत, त्यांना जुना राजकारणाचा पत्रव्यवहार तेवढा हवाय, तो निवड. बाकीचं वाचून नष्ट कर. 'वाचून' हा शब्द महत्त्वाचा. दोघांनी बसायचं, एकाने नावं पुकारायची, दुसऱ्याने खुणा करायच्या, आणि मग दोघांनी सही करायची — वाचले, ठेवण्याजोगे काही नाही. नियमच होता तसा.

राजकारणाची पत्रं मी वाचली. अहो, वाचली म्हणजे काय — रहस्यकथा वाचावी तशी वाचली. पहिल्या महायुद्धाच्या आधीची भानगड. तैग्रिस नदी तुर्कांची, पण तिच्यावर आगबोटी चालवायचा परवाना इंग्रजांकडे, तोही दोनच बोटींचा. तिसरी बोट सोडू का, म्हणून वर्षानुवर्षं अर्जविनंत्या. तेवढ्यात जर्मनांनी तुर्कांकडून बगदादपर्यंत रेल्वे टाकायचा हक्क मिळवला. झालं! इंग्रज म्हणतात, रेल्वे बसऱ्याच्या खाली आखातापर्यंत आमच्या संमतीशिवाय यायची नाही. जर्मन म्हणतात, मग रूळ आणि स्लीपर आम्ही आणायचे कशातून? इंग्रज म्हणतात, आमच्या बोटींतून आणा. पुढे रेल्वेच्या मंडळावर दोन इंग्रज बसवायचे ठरलं, नदीवरच्या नव्या कंपनीत अर्धा वाटा तुर्कांचा ठरला, सगळं जमत आलं — आणि लढाई पेटली. सगळे मसुदे रद्दी. मी त्यावर टिपण लिहिलं. साहेब खूश झाला, विलायतेहून दोन ओळींचं कौतुक आलं. ते पत्र मी बायकोला मोठ्याने वाचून दाखवलं.

आणि उरलेली खोकी? त्यांत खलाशांच्या हजेरीवह्या होत्या. लढाई लागल्यावर त्याच नदीवर पलटणी आणि रेल्वेचं सामान वाहणाऱ्या बोटींच्या. नाव, गाव, बापाचं नाव, बोट, आणि शेवटच्या रकान्यात काय झालं ते — सुटला, आजारी, बुडाला. पाचशे मैल नदी कोणाची यावर एवढी पत्रं, पण बोटी चालवणारे कोण, ते फक्त या वह्यांत. इतिहासाचा बी.ए. ना मी? मला ते तेव्हा दिसलं नाही. कंटाळवाण्या वह्या, एवढंच दिसलं.

आता सोनूकाका.

सोनूकाका मीना सलमान बंदरावर कंपनीच्या लाँचवर तांडेल. वेंगुर्ल्याकडचे, साठीला टेकलेले. शुक्रवारी आमच्याकडे यायचे, कधी तळलेले बांगडे, कधी नुसतंच कोकम घेऊन. मला 'मास्तर' म्हणायचे. मिळाली नाही ती मास्तरकी त्यांनी देऊन टाकली होती. मुलगी त्यांच्या खांद्यावरून उतरायची नाही. त्यांचे वडील त्याच लढाईत बसऱ्याला बोटीवर गेलेले. सोनूकाका तेव्हा पोटात. गेले ते गेलेच. पत्र नाही, तार नाही, माणूस नाही. बारा वर्षं झाल्यावर भटजींनी सांगितलं, दर्भाचा पुतळा करून दहन करा, मोकळे व्हा. सोनूकाकांच्या आईने ऐकलं नाही. "कागद येयसर मी कुकू पुसूचंय नाय," म्हणाली. आणि नाही पुसलं. साठ वर्षं. वाडीत हळदीकुंकवाला तिला बोलवावं की नाही, यावरून बायकांत कुजबुज चालायची. काही बोलवायच्या, काही दाराशी बघून न बघितल्यासारखं करायच्या. ती मात्र मळवट भरून, हिरव्या बांगड्या घालून, बोलावलं तिथे जायची.

बसऱ्याची खोकी आमच्याकडे आहेत हे सोनूकाकांना कळलं, त्या शुक्रवारी ते जेवले नाहीत. घडी घालून घालून मऊ झालेली एक चिठ्ठी त्यांनी खिशातून काढली. तिच्यावर वडिलांचं नाव इंग्रजीत लिहिलेलं — कुणा कारकुनाकडून मुंबईत लिहून घेतलेलं. म्हणाले, "मास्तरानू, जरा बघशात?"

मी म्हणालो, "बघतो की! इंशाल्ला, आठवड्यात सांगतो."

आणि विसरलो. हे लिहायलाच हवं ना — विसरलो. दुष्टपणा नव्हता, आणि ते म्हणून काही कमी होत नाही. मी पत्रांत रमलो होतो. माझा जोडीदार कारकून रजेवर केरळला गेला होता. ऑगस्टचा महिना, गोदामात पंखासुद्धा नाही. एके दिवशी दुपारी लॉरी दाराशी उभी राहिली, ड्रायव्हर "यल्ला, यल्ला" म्हणत घाई करत होता. मी अकरा खोकी न उघडता चढवून दिली. सर्टिफिकेटवर माझी सही केली, जोडीदाराचीही मीच केली. वाचले, ठेवण्याजोगे काही नाही. बुदैयाच्या वाटेवर खजुरीच्या बागेमागे एक खड्डा होता, तिथे सगळं जाळलं. चिठ्ठी माझ्या ड्रॉवरात होती. संध्याकाळी पेन ठेवताना हाताला लागली.

तेव्हा तरी सांगायचं होतं. नाही सांगितलं. दर शुक्रवारी ते नुसते बघायचे, विचारायचे नाहीत. मी आपणहून म्हणायचो, शोधतोय, खूप खोकी आहेत. तीन महिने शोधत होतो — राख!

मग त्यांची शेवटची रजा आली. परत येऊन सहा महिने आणि मग कायमचं घर. जायच्या आठवड्यात कचेरीत आले, टोपी हातात. म्हणाले, "तुमका वेळ नाय, माका म्हायती आसा. शुक्रवारी मीच येतंय. ह्या नाव माका वळखूक येता. तुम्ही खोके उघडा, मी बघतंय." चिठ्ठीवरून बोट फिरवून फिरवून ती अक्षरं त्यांनी पाठ केली होती. एवढंच इंग्रजी त्यांना येत होतं.

नाही सापडलं, असं म्हणता आलं असतं का? तरी ते आलेच असते. रिकाम्या गोदामात उभे राहिले असते. मग जळाल्याचं निघालं असतं, दोन सह्या एकाच हाताच्या निघाल्या असत्या, नोकरी, व्हिसा, सगळं खलास. हे खरं आहे, पण पुरतं खरं नाही. मला त्यांचं तोंड बघवलं नसतं. भ्यालो मी, त्या म्हाताऱ्याच्या तोंडाला भ्यालो. आणि म्हणून तोंडातून निघालं — "यायची गरज नाही काका. कालच सापडलं."

ते खाली बसले. खुर्ची असताना जमिनीवर बसले.

दुपारी एक ते साडेतीन कचेरी बंद असे. त्या वेळात मी कागद केला. कंपनीचं जुनं लेटरहेड होतं. बोटीचं नाव मी त्या राजकारणाच्या पत्रांतून उचललं — जिच्या परवान्यासाठी एवढं रामायण झालं, तीच बोट. बसऱ्याच्या वरच्या अंगाला, तिच्यामागे ओढत नेलेला, रेल्वेचे स्लीपर भरलेला पडाव उलटला, खलाशी बुडाला, असं लिहिलं. छान लिहिलं. खरं वाटेल इतपत रुक्ष. तारखेपाशी अडलो. वर्ष लढाईचं घातलं, दिवस आणि महिना सुचेना — हाताला आला तो घातला. माझ्या मुलीच्या जन्माचा दिवस होता तो. टाइप झाल्यावर लक्षात आलं. बदलायला दुसरं लेटरहेड नव्हतं. शिक्का मारला, सही केली. कशाची नक्कल होती ती?

सोनूकाका रजेवरून परत आले ते डोकं भादरून. जे झालं ते त्यांनी जेवताना सांगितलं, साध्या आवाजात. आईने कागद तीनदा वाचून घेतला. सही कोणाची, म्हणून विचारलं. मास्तराची, म्हटल्यावर सहीवरून हात फिरवला. लगेच काही केलं नाही. म्हणाली, दोन दिवस थांबा, माझं एक काम राहिलंय. बाजारातून खण मागवला, नारळ, तांदूळ, हळकुंड, हिरव्या बांगड्या. जिच्या नवऱ्याने माझ्या नवऱ्याला शोधून दिलं तिची ओटी मी सवाशीण आहे तोवर भरणार, म्हणाली. नंतर मला भरता येणार नाही. सगळं नीट बांधून ठेवलं. मग तिसऱ्या दिवशी सकाळी आपणच विहिरीवर गेली. कुणाला बांगड्या फोडू दिल्या नाहीत. स्वतः फोडल्या.

ते गाठोडं सोनूकाकांनी आमच्या टेबलावर ठेवलं. नारळ विमानात आणू दिला नाही म्हणून हळहळले. बायकोने देवापुढे ठेवून नमस्कार केला. एवढ्या म्हाताऱ्या सवाशिणीची ओटी, म्हणाली, भाग्य लागतं. मी ताटातलं संपवलं. खरंच संपवलं. बांगडा होता.

सोनूकाका कायमचे घरी गेले, आणि काही वर्षांनी त्यांच्याकडून पत्र आलं. आई त्यानंतर चार वर्षं होती. हळदीकुंकवाला आता कुणाला प्रश्न पडत नव्हता — बोलवायच्याच नाहीत. तिच्या नवऱ्याचं श्राद्ध त्या तारखेवरून काढलेल्या तिथीला घालतात, असंही त्यात होतं. अजूनही घालत असतील. तिथी मागेपुढे सरकते. एखाद्या वर्षी त्या तारखेशी नेमकी जुळते.

तो माणूस बुडाला की सुटला, की नदीकाठी कुठे दुसरा संसार थाटून म्हातारा झाला — वह्यांत लिहिलेलं असणार. मी वाचल्या नाहीत.

त्या खणाची बायकोने चोळी शिवली. हिरवा खण, लाल काठ. मुलीच्या वाढदिवसाला बायको दर वर्षी तीच घालते.