चालूच ठेवायची फटफटी

दवाखान्यात उमर काढलेल्या माणसाला गप्पांना बसवू नये. मिक्श्चरच्या बाटलीत तळाला गाळ बसतो तसे त्याच्यात किस्से बसलेले असतात, जरा हलवलं की सगळं वर! आता तुमी फटफटीचा विषय काढलाच हाय, तर ऐका.

निजामाचं राज्य होतं. मी बीडच्या सरकारी दवाखान्यात कंपाउंडर. आमचे डॉक्टर हाशमीसाहेब मूळचे हैदराबादचे, उंचेपुरे अन् लई तापट. गावोगावच्या दौऱ्यासाठी सरकारनं त्यांना एक फटफटी दिली. आमच्याकडं आली त्याच हप्त्यात तिला एक रोग लागला. थांबली तरी इंजिन हळू पडायचं न्हाई. भली फटफटी उभी राहिली की कशी निवांत फट्... फट्... करते. आमची उभ्या जागी मांजरसुंब्याचा घाट चढल्यागत बोंबलायची!

लोकांना गंमत वाटायची. मला न्हाई. माझ्या बायकोला, सुभद्रेला, दिवस गेलते. तिसरी खेप. पहिली दोन बाळंतपणं बीडलाच झाली, अन् दोन्ही लेकरं रडलीच न्हाईत. मग सासूबाई म्हणाल्या, "आग लागो तुमच्या दवाखान्याला," अन् तिला चौसाळ्याला माहेरी घेऊन गेल्या. साहेबांनी मला शब्द दिला होता, "कंपाउंडर, सुईण अडली तर निरोप पाठवा. मी खुद येतो."

येणार कशावर? ह्याच फटफटीवर! म्हणून तिचा आवाज चढला की मला सुभद्राच आठवायची.

*

साहेबांनी आधी तिला पेशंटासारखंच तपासलं. नळी कानाला लावून इंजिनावर टेकवली, डोळे मिटले, अन् म्हणाले, "हिला दम लागतो!"

मग त्यांनी फटफटीसोबत आलेलं इंग्रजी पुस्तक वाचलं. त्यात लिहिलं होतं, इंजिन अन् कारबुरेटरच्या सांध्यातून जादा हवा आत शिरली तर असं होतं. साहेब म्हणाले, "सांधा बंद करा. चिकटपट्टी आणा!"

मी आणली. सांध्याला गुंडाळली, वरून कापूस, त्याच्यावर बँडेज. काम इतकं सुबक झालं की साहेबांनी मला शाबासकी दिली. मग इंजिन तापलं. पट्टी वितळली, कापूस पेटला, अन् असा काळा धूर निघाला की ओट्यावर बसलेले समदे पेशंट उठून पळाले. त्यातला एक तर "पाय टेकवत न्हाई" म्हणून सकाळी बाजेवर घालून आणलेला!

साहेब त्याच्या पाठीकडं बघत म्हणाले, "चला, एक तर बरा झाला."

*

मग आमी ती दगडू लोहाराकडं नेली. दगडू बंदुका नीट करायचा, म्हणून समद्या कळांचं ज्ञान त्याच्याकडं असणार असा गावाचा समज. त्यानं एक स्क्रू शोधला. एका अंगाला फिरवला, तर आवाज वाढला. दुसऱ्या अंगाला फिरवला, काहीच न्हाई. आणखी फिरवला, स्क्रूच बाहेर आला अन् भट्टीच्या राखेत पडला!

चौसाळ्याहून आत्ता निरोप आला तर? राख चाळून चाळून मी डोक्यापासून पायापर्यंत बैरागी झालो. स्क्रू सापडला, बसवला, आवाज पहिल्यासारखाच.

दगडू कपाळावर हात मारून म्हणाला, "आमची म्हातारी बी अशीच हाय बघा. बसून ऱ्हायली तरी तोंड चालूच. तिला बी कुनाकडं न्यावं, मला कळंना!"

*

ईदच्या दिवशीचा किस्सा तर सगळ्या बीडला ठाऊक हाय. साहेब नमाज पढून आलते, नवी शेरवानी घातलेली. मी मागं कॅरियरवर, मांडीवर औषधांची पेटी, कारण सण असला तरी एका गावाला जायचंच होतं. वाटेत पोलिसांचे अमीनसाहेब, म्हंजी ठाण्याचे फौजदार, भेटले. साहेब खाली उतरले. गाडी गिअरमध्ये, इंजिन बोंबलतंय, साहेबांनी क्लचची दांडी डाव्या हातात दाबून धरलेली.

अमीनसाहेबांनी दोन्ही हात पसरले. "ईद मुबारक, डॉक्टर!"

आता ईदची गळाभेट एका हातानं कशी घ्यायची? साहेबांनीही दोन्ही हात पसरले!

फटफटी सुटली. वर मी एकटा! मला चालवता येत न्हाई, उतरता येत न्हाई, पेटी सोडता येत न्हाई. समोर पोलीस ठाण्याचं फाटक. पहाऱ्यावरच्या शिपायाला वाटलं कुणी बडा अंमलदार आला, त्यानं खाडकन सलाम ठोकला अन् बाजूला झाला. आतल्या लिंबाच्या झाडाला जाऊन गाडी आडवी झाली, अन् मी झाडाला मिठी मारून उभा.

अमीनसाहेब धावत आले. मला बघून म्हणाले, "कंपाउंडर, खुद होके हाजिर झाले, अच्छा केलं. लोक लवकर कबूल होत न्हाईत!"

सगळे हसले. मी पेटी उघडून बघितली. सुभद्रेसाठी जपून ठेवलेल्या औषधाची बाटली फुटली नव्हती. तेव्हा कुठं मलाबी हसू आलं.

*

पुढचा किस्सा मांजरसुंब्याचा. तिथं चहासाठी साहेबांनी गाडी बंद केली. चहा झाला, किक मारली, चालू होईना. त्या फटफटीची ही दुसरी खोड, एकदा तापलेली बंद केली की थंड होईपर्यंत चालू व्हायची न्हाई. अन् तिचं इंजिन सारखं जोरात पळणारं, तापायला कितीसा येळ? आमी उन्हात किका मारतोय, घाम गळतोय, अन् तिकडं पल्याडच्या खेड्यात एक म्हातारा तापानं फणफणलाय.

सूर्य कलल्यावर रस्त्यानं एक म्हातारा काठी टेकत आला. हातात पाण्याचा तांब्या. म्हणाला, "डागदरसाहेब म्हंजी तुमीच का? लई वाट बघितली. म्हटलं आपुनच जाऊन बघावं, तुमाला काय झालं!"

साहेबांनी त्याला तिथंच दगडावर बसवून तपासलं. त्या दिवसापासून दौऱ्याचा कायदाच झाला, काम संपेपर्यंत गाडी बंद करायची न्हाई. साहेब घरात रोगी बघणार अन् मी दारात ते धूड धरून उभा राहणार. ते बोंबलायचं, कुत्री भुंकायची, गाव गोळा व्हायचं. मला मात्र एकच घोर, सुभद्रेच्या येळेला हिनं असा दगा दिला तर?

*

अन् एके दिवशी रोग सापडला! साहेब अंगणात गाडी पुसत होते, इंजिन चालू. त्यांनी हँडल डावीकडं वळवलं, आवाज चढला. उजवीकडं वळवलं, जरा उतरला. साहेब थबकले. उजव्या मुठीपाशी वाकून बघितलं.

आता हे समजून घ्या. घरचा माणूस प्रवासाला निघाला की मुसलमान घरात त्याच्या उजव्या दंडाला कापडात नाणं गुंडाळून बांधतात, सुखरूप पोचावा म्हणून. त्याला म्हणतात इमाम जामिन. साहेबांच्या आईनं, अम्मीजाननं, विचार केला, माझ्या पोराला जी घेऊन जाते तिलाही बांधायला पाहिजे. गाडी आल्यापासून दर दौऱ्याला तिनं फटफटीच्या उजव्या दंडाला इमाम जामिन बांधला होता. एकावर एक, गच्च! अन् त्याच फासात इंजिनाला पेट्रोल वाढवायची तार आवळली गेलती. तार सतत ओढलेली, मग इंजिन हळू कसं पडंल?

साहेबांनी गाठी सोडल्या. अन् फटफटी बोलली, फट्... फट्... फट्... इतका गोड आवाज मी जन्मात ऐकला नव्हता. माझे डोळेच भरून आले.

तेवढ्यात दारातून अम्मीजान. "किसने खोला?"

बड्या तालुकदारापुढं, म्हंजी जिल्ह्याच्या कलेक्टरापुढं, टेबल बडवणारे आमचे साहेब, खाली मान घालून उभे!

"अम्मी, डाव्या बाजूला बांधा."

"डाव्या दंडाला कुणी बांधतं?"

"मग जरा ढिला."

"ढिला बांधून रस्त्यात पडू देऊ? माझ्या पोराला काय झालं म्हणजे?" अन् म्हातारीनं तिथंच, त्याच तारेवर, पहिल्यापेक्षा गच्च गाठ मारली. गाडी पुन्हा बोंबलायला लागली.

साहेब माझ्याकडं वळून हळूच म्हणाले, "कंपाउंडर, मर्ज सापडला. इलाज न्हाई."

*

चौसाळ्याचा निरोप आला तो भर दुपारी. सासऱ्यांचा गडी घोडं फेसाळेपर्यंत दामटत आला. "बाळ आडवं आलंय. सुईनीनं हात टेकले."

साहेब जेवणावरून उठले. अम्मीजान कापड घेऊन आलीच. त्या दिशी मी स्वतः म्हणालो, "अम्मीजान, पक्की बांधा. लई पक्की बांधा."

घाट कसा चढला, कसा उतरला, मला आठवत न्हाई. मी डोळे मिटूनच होतो. सासऱ्यांच्या दारात पोचलो. साहेब पेटी घेऊन आत पळाले, जाता जाता ओरडले, "गाडी बंद करू नका! काही लागलं तर बीडला पळावं लागंल!"

मी ती धरून उभा. समोर दार लोटलेलं. भोवती अर्धं गाव, पण कुणाचं काही ऐकू येईना, नुसते ओठ हलताना दिसायचे. आत सुभद्रा ओरडत होती का गप पडली होती, देव जाणे. माझे कान त्या दाराला लागलेले, अन् कानात नुसती फटफटी! मला दुसरं काही नको होतं. फक्त एकदा लेकराचं रडणं ऐकायचं होतं.

लई येळानं दार उघडलं. सासूबाई बाहेर आल्या. पदर विस्कटलेला, डोळे लाल. माझ्याकडं बघून त्यांनी दोन्ही हात हवेत झटकले, काहीतरी म्हणाल्या, पुन्हा हात झटकले, अन् आत गेल्या.

मी समजलो. तिसरंबी गेलं.

आता बीडला पळायचं कशाला? मी इंजिन बंद करायची दांडी ओढली अन् गाडी बंद केली.

एकदम अशी शांतता झाली की गोठ्यातल्या गाईच्या गळ्यातली घंटा ऐकू आली. अन् त्याच्या मागोमाग, आतून, टाहो फोडून रडणं!

सासूबाई पुन्हा दारात. "कवाची वरडायलेय, बंद करा ते धूड, बंद करा ते धूड! पोरगी झालीय! आल्यापासून रडायलीय, अन् बापाला ऐकू येईना!"

मी तिथंच मातीत बसलो अन् पोरीपेक्षा मोठ्यानं रडलो.

मागोमाग साहेब बाहेर आले. बाह्या वर, घामानं डबडबलेले. त्यांनी माझ्याकडं बघितलं, गप पडलेल्या गाडीकडं बघितलं, अन् गरजले, "गाडी कुणी बंद केली?"

मी म्हणालो, "पोरीनं."