वाटची प्रार्थना
टाल्कम पावडरचा वास आला की मला आखातातल्या मुऐदरमधलं ते केस कापायचं दुकान आठवतं. गुड फ्रायडे होता, आणि इथे शुक्रवारी सगळ्यांनाच सुट्टी, म्हणून दुकानात ही गर्दी. माझे केस कापणारा फिलिपिनो पोरगा चर्चला जायला तासभर रजा मागून थकला होता. शेवटी त्याने मोबाइल आरशाला टेकवला आणि चर्चमधली प्रार्थना लावली. "सर, क्रूसाला ओठ लावायची वेळ आली की एक मिनिट थांबेन हं," म्हणाला. मी म्हटलं, "थांब की बाबा, माझे जे केस पळायचे ते कधीच पळालेत." ती वेळ आली. कात्री ठेवून तो पडद्यावरच्या क्रूसाकडे वाकला, तेवढ्यात मालक आत आला. तोही ख्रिश्चनच, आपल्याच देशाचा, थेट चर्चमधून आलेला. त्याने मोबाइल उचलून बंद केला. "यल्ला, चल लवकर, गिऱ्हाईक बसलंय! तुझ्या वाटची प्रार्थना मी करून आलोय." पोरगा "येस बॉस" म्हणाला आणि वाकला होता तसाच पावडर लावून माझ्या मानेवरचे केस झटकू लागला. आमच्या घरी पूजा असली की माझ्या वाटचा नमस्कार आजही बायकोच करते. पण मला कोणी अडवलेलं नसतं, मी नुसता आळशी आहे.