मागायचं राहिलेला पगार

घरातली पहिली पदवी माझी, रसायनशास्त्रातली. त्याचा मला अभिमान आहे आणि तो मी लपवत नाही. तासगावच्या द्राक्षांवर फवारणीच्या औषधाचा अंश किती राहिला, हे तपासणाऱ्या सांगलीच्या प्रयोगशाळेत मला नोकरी लागली. मुलाखतीत साहेबांनी विचारलं, "पगाराची अपेक्षा?" मी म्हणाले, "तुम्ही द्याल तो." तोंड वर करून मागायचं नसतं, हे घरचं वळण.

तीन वर्षांनी एक मुलगा नवीन लागला. नमुना तयार करण्यापासून मशीन धुण्यापर्यंत सगळं त्याला मीच शिकवलं. एक दिवस चहा पिताना तो कुरकुरला, "मॅडम, एवढ्यात काय भागतंय?" आणि त्यानं आकडा सांगितला. माझ्यापेक्षा सहा हजारांनी जास्त. मी चहा तसाच ठेवून उठले.

आई द्राक्षबागेत घडांच्या विरळणीला रोजंदारीवर जाते. तिला सांगितलं, तर म्हणाली, "बाईची हजेरी कमीच असती की गं. आमी कवा इचारलं?" मग भाकरी थापता थापता थांबली. "त्याला काम कुणी शिकिवलं?"

"मीच."

"मग तू मुकादम झालीस की. मुकादमाला गड्यापेक्षा कमी? आसं आमच्या बागंत सुदिक न्हाई."

दुसऱ्या दिवशी साहेबांच्या केबिनमध्ये गेले. नोकरीच गेली तर, ही भीती होतीच, तरी त्या मुलाचा पगार माझ्यापेक्षा सहा हजारांनी जास्त का, ते विचारलं.

"कुणी सांगितलं तुम्हाला?" साहेबांचा पहिला प्रश्न.

"ते सोडा, सर. त्याला काम कुणी शिकवलं, ते सांगा."

"त्यानं मागितला होता. तुम्ही मागितला नव्हता."

"चुकलं माझं. आता मागते. त्याच्यापेक्षा जास्त."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. मग म्हणाले, "अर्ज द्या. वर बोलतो."

आठ दिवस धड घास उतरला नाही. नवव्या दिवशी पत्र हातात पडलं: त्याच्यापेक्षा दोन हजार जास्त, याच महिन्यापासून. मागच्या तीन वर्षांचं काही मिळालं नाही, तेही लिहून ठेवते. पण जिना मी दोन-दोन पायऱ्या ओलांडत उतरले.

आईनं पत्र उलटंसुलटं करून पाहिलं. "लय भ्याली हुतीस न्हवं?"

"लय."

"ताटात भाकरी उरत हुती, मला तवाच कळलं हुतं," ती म्हणाली आणि ताट वाढायला घेतलं. त्या दिवशी मी तीन भाकऱ्या खाल्ल्या.