लिहून दिलेलं भाषण

“लाभार्थी तिकडे. मागच्या दोन रांगा.”

टेबलामागची मुलगी माझ्याकडे न बघताच बोलली. अंधेरीतलं मोठं हॉटेल होतं. हॉल इतका थंड की पदर अंगभर ओढून घ्यावा लागला.

मी म्हटलं, “मी लाभार्थी नाही. मी संस्था चालवते.”

तिने यादीवर बोट फिरवलं. माझं नाव होतं. नावापुढे ‘लाभार्थी’च लिहिलं होतं. मग उभी राहून तिने पिवळ्या पट्टीचं कार्ड माझ्या गळ्यात घातलं. हातात दिलं नाही. बालवाडीतल्या पोराच्या गळ्यात घालतात तसं घातलं. निळ्या पट्टीवाले पुढच्या रांगांत. त्यांच्या कार्डावर ‘भागीदार’.

मी मागे जाऊन बसले. तेव्हा मी पन्नाशीला आले होते, आणि चौदा वर्षं पाळणाघर चालवत होते. ज्या फाउंडेशनचा हा कार्यक्रम होता, ते आमच्याकडे आलं त्याला जेमतेम तीन वर्षं झाली होती.

घाटकोपरच्या डोंगरावर आमची वस्ती. वडिलांची गिरणी बंद पडली आणि आई खालच्या सोसायटीत धुणीभांडी करायला लागली. घरी धाकटा भाऊ सहा महिन्यांचा. त्याला कोण बघणार? मी बघणार. माझी पाचवी तिथेच सुटली. मास्तर बोलवायला आले नाहीत. कुणालाच काही वाटलं नाही. मुलगी होते ना.

म्हणून पाळणाघर. आईला कामावर जाता यावं आणि मोठ्या बहिणीला शाळेत. एवढंच. यात समजायला अवघड काय आहे, ते मला आजपर्यंत कळलेलं नाही.

पहिल्या वर्षी फाउंडेशनने पाळणाघरासाठीच मदत दिली. दुसऱ्या वर्षी त्यांच्याकडच्या समीरा मॅडम आल्या. तरुण पोरगी, बोलायला गोड. म्हणाल्या, “ताई, पाळणाघराला आता कुणी फंडिंग देत नाही. ट्रेंड बदललाय. स्किल दाखवा ना काहीतरी.”

मी दाखवलं. शिवणाच्या पाच मशीन आल्या. खोली आमची तेवढीच. मशीन आत आल्या, चार पाळणे बाहेर गेले.

तिसऱ्या वर्षी म्हणाल्या, “आता क्लायमेट चाललंय, ताई.” मग रंगाच्या रिकाम्या डब्यांत रोपं लावली. चढावर पिण्याचं पाणी आणायला आमची कंबर मोडते, त्यात रोपांचं पाणी. अहवालात लिहिलं, ‘हरित वस्ती’. मीच लिहिलं. सही माझी.

वाईट वाटत नव्हतं असं नाही. पण मी स्वतःला समजवायचे की नाव काहीही असू दे, आत पोरं झोपतायत ना.

पाहुणे बघायला यायचे तेव्हा बायकांना मी तयार करायचे. मंगल म्हणून एक होती. पाच घरची भांडी घासायची. तिचा धाकटा आमच्याकडे. तिला मी पाठ करून घेतलं, “मी शिवणकाम करून घर चालवते.” पाहुण्यांसमोर तिने धडाधड म्हणून दाखवलं. फोटो झाले. पाहुणे उतरून गेले.

मग ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

“ताई, मी भांडी घासते हे सांगायची तुम्हाला लाज वाटते काय?”

“अगं, तसं नाही. त्यांना तसं लागतं.”

“मग खोटं मी का बोलायचं? मशीनला हात तरी लावलाय का मी?”

मला राग आला. खरं बोलली म्हणूनच आला. मी म्हटलं, “पोराला पाळणाघर पाहिजे ना? मग गप बस.”

तिने पोराला उचललं आणि गेली. आणि माझे मलाच ते शब्द ऐकू आले. आई ज्या घरी भांडी घासायची तिथली बाई असंच बोलायची. काम पाहिजे ना? मग गप बस. तोच आवाज. माझ्या तोंडातून.

पुढे पंधरा दिवसांनी हा अंधेरीचा कार्यक्रम.

पडद्यावर एक साहेब दाखवत होते, स्थानिक विकासाचा पैसा पुढे कुठे जाणार. बाण होते. ‘डिजिटल’वर चढणारा बाण. ‘बालसंगोपन’वर उतरणारा. आमची पोरं त्या उतरणाऱ्या बाणात कुठेतरी होती. खाली मान घालून लोक लिहून घेत होते.

समीरा मॅडम वाकून माझ्याजवळ आल्या. हातात कागद दिला. “ताई, आता तुमचं नाव घेतील. फक्त एवढंच बोला. आणि रडू आलं ना, तर थांबवू नका हां.”

कागदावर मोठ्या अक्षरात टाइप केलेलं. ‘मी काहीच नव्हते. मला चार लोकांत बोलताही येत नव्हतं. फाउंडेशनने मला ओळख दिली.’

मी स्टेजवर गेले. दिवे डोळ्यांवर. सूत्रसंचालक म्हणाला, “बोलिये दीदी, डरिये मत.”

मी वाचलं, “मी काहीच.”

तिथेच थांबले. घाबरले नव्हते. मंगल दिसत होती. पाठ केलेलं म्हणताना तिने माझ्याकडे बघितलं नव्हतं, भिंतीकडे बघितलं होतं.

मी कागदाची घडी केली.

“हे मी लिहिलेलं नाही,” मी म्हटलं. “मी चौदा वर्षं पाळणाघर चालवते. तुम्ही नव्हता तेव्हापासून. आमच्या बायका शिवणकाम करत नाहीत. त्या भांडी घासतात. तुमच्यासारख्यांच्या घरी. तुम्ही इथे वेळेवर पोचलात ना, ते त्या कामावर आल्या म्हणून. मशीनचा अहवाल खोटा आहे. तो मी लिहिला. तुम्हाला तसंच पाहिजे होतं म्हणून लिहिला. आता नाही लिहिणार.”

मग टाळ्या. होय, टाळ्या वाजवल्या त्यांनी. सूत्रसंचालक हसत म्हणाला, “थँक यू दीदी, टाइम की थोडी प्रॉब्लेम है.” आणि पुढचं नाव घेतलं.

तो अपमान कार्डापेक्षा मोठा होता. मी त्यांच्या तोंडावर बोलले आणि त्यांनी तेही कार्यक्रमात बसवून टाकलं.

बाहेर समीरा मॅडमनी गाठलं. डोळे भरलेले. “ताई, माझी नोकरी जाईल ना.” मला तिची दया आली, पण माफी मागितली नाही. तिलाही कुणीतरी कागद लिहून देत असणार.

काही दिवसांनी मेल आला. प्राधान्यक्रम बदलल्यामुळे यापुढे सहकार्य शक्य नाही.

आम्ही दोन पगारी बायका ठेवल्या होत्या, त्यातली एक गेली. संध्याकाळी सहापर्यंत चालणारं पाळणाघर दुपारी एकला बंद व्हायला लागलं. मंगलची दुपारची दोन घरं सुटली असती, म्हणून तिने सात वर्षांच्या मुलीला दुपारच्या शाळेतून काढून घरी बसवलं. धाकट्याला सांभाळायला. मी बघितलं. काखेत भाऊ घेऊन दारात उभी होती. हे होऊ नये म्हणून मी चौदा वर्षं घातली होती.

मी मंगलकडे गेले.

“ताई, माझ्यामुळे झालं का हे?”

“नाही गं. तू बोललीस तेव्हाच मी ऐकायला पाहिजे होतं.”

त्या दिवसापासून अर्ज आम्ही मिळून लिहितो. वॉर्ड ऑफिसला. पाळणाघरासाठी मोठी खोली द्या, एका बाईचा पगार द्या. चार वेळा दिला. दर वेळी विचारतात, “कुठली संस्था?” मंगल सांगते, “संस्था नाही साहेब. आम्ही पोरांच्या आया.” साहेब म्हणतात, बघतो.

परवा फाउंडेशनमधून फोन आला. समीरा मॅडमच्या जागी नवीन माणूस. “ताई, झालं गेलं सोडा. या वर्षी एआय साक्षरता आहे. पाळणाघर त्यात बसवता येईल.”

मी विचारलं, “पाळणे मिळतील?”

“बजेटमध्ये तसं हेड नाहीये.”

“मग ठेवा.”

मंगळवारी आम्ही पुन्हा वॉर्ड ऑफिसला जाणार आहोत. या वेळी हातात अर्ज नसेल, कडेवर पोरं असतील. सगळी. दुधाच्या बाटल्या, दुपटी, सगळं सामान घेऊन. बायका पोरांना तिथे सोडून कामावर जातील आणि मी थांबेन. खोली मिळेपर्यंत आमचं पाळणाघर साहेबांच्या केबिनबाहेर भरेल. सकाळी दहा ते संध्याकाळी सहा. रोज.