गोलखांबामागचे लिंबाजीमामा

सामन्याआधी लिंबाजीमामा चेंडू कानाशी धरत, दोन टिचक्या मारून आवाज ऐकत, तोंड आवळणाऱ्या चामड्याच्या वादीला एक हिसका देत आणि मग तो रेफरीच्या हातात न देता जमिनीवर ठेवत. जन्मभर लोकांनी त्यांच्यापुढे वस्तू अशाच, शिवाशिव नको म्हणून, जमिनीवर टाकल्या होत्या. मैदानावर मामा त्याची परतफेड करत. "घेणाऱ्यानं वाकून घ्यावा," म्हणत.

निजामाच्या राज्यात हिंगोलीच्या छावणीच्या मैदानावर खेळले गेलेले बहुतेक चेंडू मामांनी शिवलेले. जातीनं चांभार. मोटा, जोडे, खोगीर आणि फुटबॉल, सगळं एकाच आरीनं. सामना चालू असताना ते गोलखांबामागे बसत, टाका उसवला तर लगेच घालायला. आज मी त्यांना मामा म्हणतोय. तेव्हा बापाच्या वयाच्या या माणसाला मी 'ए लिंबाजी' अशी हाक मारायचो. लाज वाटते, पण लिहायचंच तर हेही लिहिलं पाहिजे.

एका वर्षी शील्डचा अंतिम सामना परभणीच्या पोरांशी होता, आणि मी हिंगोलीकडून खेळत होतो. शेवटी शेवटी कॉर्नर आला. मी उडी मारली, डोकं पोचेना, म्हणून चेंडू सरळ मुठीनं आत ढकलला. रेफरीच्या आणि माझ्या मध्ये सात-आठ जणांची गर्दी होती. त्यानं गोल दिला. परभणीवाले भांडायला लागले, तेव्हा त्यानं मला विचारलं, "हात लागला का?"

"नाही, कपाळ," मी म्हणालो.

गोलामागून मामा उठले. "मुठीनं मारला. म्या पाहिला."

रेफरीनं त्यांच्याकडे मानसुद्धा वळवली नाही. शील्ड हिंगोलीला मिळाली आणि गावानं मला खांद्यावर घेतलं.

दुसऱ्या दिवशी बाबुरावांच्या हॉटेलात हाच विषय. मामांना आत यायची मुभा नव्हती. त्यांचा कान तुटलेला कप बाहेर वळचणीला खोचलेला असे. तो आपला आपण विसळायचा आणि वरून ओतलेला चहा रस्त्यात उभं राहून प्यायचा. त्यामुळे वाद आतले बाक आणि बाहेरचा रस्ता असा रंगला.

हळदीचे व्यापारी कादरभाई म्हणाले, "पंच ने गोल बोला, तो गोल. बात खतम."

"आन् परभणीवाले काय साधुसंत हाईत?" बाबुरावांनी गल्ल्यावरून आवाज चढवला. "आपल्या पोराची नडगी फोडली त्यांनी. ते काहून कोणी काढत न्हाई?"

"नडगी फोडली ते वाईटच," मामा रस्त्यावरून बोलले. "पर पंचानं पाहिलं, फ्री-किक दिली, फिटलं. ह्याचं कुठं फिटलं? असंच जिंकायचं तर खेळायची तकलीफ काहून घेता? शील्ड उचला आन् पळा ना."

आत कोणीतरी फिसकन हसलं. बाबुराव भडकले. "चांभाराच्या साक्षीवर गावाची इज्जत घालवायची व्हय?"

"म्या शिवलेला चेंडू डोक्यावर घेऊन राहिले तुमी, आन् माझ्या बोलण्याचा इटाळ होते?" मामांनी कप विसळून वळचणीला खोचला. "बरं. ते पोरगं सोताच्या तोंडानं सांगत न्हाई, तवर हिंगोलीच्या चेंडूला माझा टाका न्हाई."

ते पोरगं, म्हणजे मी, आत बाकावर मान खाली घालून भजी खात होतं.

गावही काही कमी हट्टी नव्हतं. मोटा शिवायला कळमनुरीच्या बाजारी जाऊ लागल्या. आम्ही अक्कलवंतांनी चेंडू शिंप्याकडून शिवून आणला. इकडे मारला की तिकडे जायचा, पण तसं कबूल करायची कोणाची छाती नव्हती. महिन्याभरानं मी मामांच्या अंगणात गेलो. आरी खुंटीला होती. मामी दुसऱ्याच्या रानात निंदायला गेलेली.

"लिंबाजी, चुकलं," मी म्हणालो. "हात लागला होता."

"लागला न्हवता. तू मारला." त्यांनी मला बससुद्धा म्हटलं नाही. "आन् मला काहून सांगून राहिला? म्या तर पाहिलाच हाय. जिथं मला खोटा ठरवला तिथं सांग."

बाजाराचा दिवस होता, हॉटेल गच्च भरलेलं. मी बाकावर उभा राहिलो आणि सांगितलं की गोल मुठीचा होता, लिंबाजीमामा खरं बोलले आणि खोटा मी. मामा हा शब्द त्यांच्यासाठी माझ्या तोंडून तेव्हा पहिल्यांदा निघाला. कादरभाईंनी हातातली बशी खाली ठेवली.

"तो फिर शील्ड परभणी जाएगी," ते म्हणाले. बाबुरावांनी मला ज्या शिव्या दिल्या त्या इथं लिहिण्याजोग्या नाहीत. आज वाटतं, थोड्या कमीच पडल्या.

मामा रस्त्यात उभं राहून ऐकत होते. त्यांनी वळचणीचा कप काढला, पायरी चढून आत आले, माझ्या शेजारी बाकावर बसले आणि तो कप टेबलावर पालथा घातला.

"साक्ष आत आली, बाबुराव," ते म्हणाले. "आता चहा बी आतल्या कपात द्या."

दोघं-तिघं उठून निघून गेले. कादरभाई बसून राहिले. बाबुराव हलेनात, मामाही हलेनात. भट्टीवर चहा उतू जाऊ लागला, तरी दोघं एकमेकांकडे बघतच होते. चहा यायला फार वेळ लागला. पण आला, आतल्या कपात. मामांनी तो अजिबात घाई न करता, आवाज करत, शेवटच्या घोटापर्यंत प्यायला. मग मिशा पुसल्या आणि माझ्याकडे वळले.

"जाय," ते म्हणाले, "तो शिंप्याचा चेंडू घेऊन ये."