कार्बनच्या बाजूचा माणूस

कार्बनची बाजू घेऊन भांडणारा माणूस साऱ्या ठाणे जिल्ह्यात एकच होता, आणि तो स्टाफरूममध्ये नेमका माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसायचा. भिवंडीतल्या ज्युनिअर कॉलेजात ते केमिस्ट्री शिकवायचे, मी मराठी. त्यांच्या घरचे पिढीजात लूमवाले, कापडाचे यंत्रमाग चालवणारे. भावांनी लूम सांभाळले, ह्यांनी ऑर्बिटल, म्हणजे अणूतल्या इलेक्ट्रॉनची घरं. "चारही हातांना सारखं काम मिळावं म्हणून बिचारा कार्बन केवढा खटाटोप करतो, आणि पोरं नुसतं पाठ करतात," हे ते अशा कळवळ्यानं सांगत की कार्बन त्यांचा धाकटा भाऊच वाटावा. एकदा त्यांनी माझा आलं घातलेला, मलईचा स्पेशल चहा आणि इतर तिघांचे साधे कप किटलीत एकत्र ओतले, हलवले आणि पुन्हा चार कप सारखे भरले. "तुमचा कप एस ऑर्बिटल, बाकी तीन पी. आता चारों बराबर. ह्यालाच म्हणतात हायब्रिडायझेशन." मला एवढंच समजलं की माझी मलई गेली. चार फुगे एका गाठीत बांधले की ते कार्बनच्या हातांसारखे आपोआप एकमेकांपासून लांब सरकून बसतात, हे मुलांना दाखवायचं असलं की फुगे फुगवायला मला बोलावणं येई. मराठीवाल्यांकडे हवा भरपूर असते, असं त्यांचं मत होतं.

नव्वद सालच्या आसपास, बारावीची परीक्षा तोंडावर आलेली असताना त्यांचा घसा बसला. डॉक्टरांनी बोलायचं नाही म्हणून बजावलं. ऐकलं नाही तर आवाज कायमचा जाईल म्हणाले. बदली शिक्षक मिळेना. शेवटी त्यांनी खुणेनं मलाच पकडलं. ते फळ्यावर लिहिणार आणि मी मोठ्यानं वाचणार. बाहेर लूमची खडखड चालू असे. तिच्यावर चढेल असा आवाज कॉलेजात माझाच होता. माझी तेवढीच लायकी ठरली होती.

दोन-तीन तास बरे गेले. मला स्वतःलाच मी शास्त्रज्ञ वाटू लागलो, तेवढ्यात मागच्या बाकावरच्या मुलीनं विचारलं की सगळं मिसळल्यावर पहिला एस जातो कुठे. मी सरांकडे पाहिलं. त्यांनी दोन्ही हात पसरले. त्याचा अर्थ मी माझ्या अकलेनं लावला आणि छातीठोकपणे सांगितलं, "तो निघून जातो."

सरांनी खडू खाली ठेवला. बाकांच्या मधून ते त्या मुलीपर्यंत चालत गेले. मी मानेनं नको नको म्हणत होतो.

"कुठेच जात नाही, बेटा," ते घोगऱ्या आवाजात म्हणाले. "चौघांत थोडा थोडा असतो."

डॉक्टर त्यांच्यावर चिडले ते चिडलेच. आवाज पुढे परत आला, पण खालच्या पट्टीत, फाटलेला. मोठा वर्ग त्यांना झेपेना, म्हणून त्यांच्याकडे प्रॅक्टिकल दिली. तिथं मुलं त्यांच्या टेबलाभोवती डोकी जुळवून, श्वास रोखून ऐकत. माझ्या वर्गात मी गडगडत असे आणि मुलं खिडकीबाहेर बघत असत.

निवृत्तीनंतर ते मुलाकडे दूर राहायला गेले. अधूनमधून मी फोन करतो. त्यांचं बोलणं फोनवर नीट ऐकू येत नाही, म्हणून मीच बोलत राहतो: पाऊसपाणी, कॉलेज, कोण भेटलं, कोण गेलं. मग मध्येच धास्तावून विचारतो, "सर, आहात ना?"

पलीकडून बारीकसं "हूं" येतं. मी पुन्हा बोलायला लागतो.